तात्यांची फाईल आणि काकूंचं कॅलेंडर

तात्या माझ्या क्लिनिकला पहिल्यांदा आले ते ऑक्टोबर २०२३ मधे, पोराच्या खांद्यावर हात टाकून आणि दोन्ही चपला पायाला रबरानं बांधून. सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर असतंय ना, तसलं. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, खुर्चीत बसायच्या आधीच फाईल टेबलावर ठेवली, चांगली जाडजूड, आणि वरच्या स्टिकरवर मार्करनं दोनच अक्षरं, एमएस. म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उलटते तो आजार. मी फिजिओ आहे, निपाणीत, म्हणजे कर्नाटक-महाराष्ट्र बॉर्डरवर, प्रॅक्टिस करते, आणि खरं सांगू का, अशी फाईल समोर आली की आपण आधी स्टिकर वाचतो मग माणूस बघतो, मी पण तेच केलं आणि पुढचे जवळजवळ दोन महिने तात्यांची नाही, त्या स्टिकरची ट्रीटमेंट केली. म्हणून ही केस सविस्तर लिहायलेय. तात्या हे काय खरं नाव नाही, आमच्याकडं गल्लीत चार तात्या असतात, त्यातला एक धरा. लिहिलेलं घरच्यांना वाचून दाखवलंय. डॉक्टर आणि हॉस्पिटल कुणाचंच नाव घालणार नाही, कारण चूक एकाची नाहीच, माझी धरून तीन-चार जणांची आहे.

तात्या ४६ वर्षांचे, वेल्डिंगचं दुकान, गेट, ग्रिल, ट्रॉलीची दुरुस्ती असली कामं. माळकरी माणूस, गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं मटण-अंडी सगळं बंद विशीपासनं. तंबाखूच्या गावाजवळ जन्म जाऊन सुद्धा विडी नाही. लहानपणापासनं अर्धशिशी, महिन्यातनं दोनदा डोकं धरलं की दुकान बंद करून अंधारात झोपायचं. बीपी कधी बघितलेलंच नाही.

१९ जानेवारी २०२३. ऊसाचा सीझन ऐन भरात. बोरगाव साइडच्या एका गावातनं गेट बसवून रात्री साडेआठला मोटारसायकलवरनं परत येताना पुढं ऊसाची ट्रॉली उभी, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, रस्त्याच्या मधेच. (सीझनला आमच्या भागात हे रोजचं आहे, दरवर्षी जीव जातात आणि दरवर्षी नुसत्या लाल पट्ट्या चिकटवायची मोहीम होते.) हेल्मेट होतं म्हणून वाचले. पण हेल्मेटचा पुढचा भाग ट्रॉलीच्या फळीला धडकला आणि मान मागं फेकली गेली. शुद्ध गेली नाही. डाव्या बाजूचं कॉलरबोन मोडलं, कपाळ खरचटलं. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला तो खांद्याचा, मानेचा नाही, कारण तात्या बोंबलत होते ते खांद्यासाठी. मान अवघडली होती, पट्टा दिला, पंधरा दिवसांत पट्टा खुंटीवर. सहा आठवड्यांत हाड जुळलं आणि घरादाराच्या हिशोबानं ॲक्सिडेंट तिथं संपला.

फेब्रुवारीच्या शेवटाला बोटांना मुंग्या, आधी डाव्या मग दोन्ही. मार्चमधे वेल्डिंगचा रॉड होल्डरमधे नीट बसेना, शर्टाची बटनं काकू लावायला लागल्या. एप्रिलमधे चालताना पायातनं चप्पल निसटायची आणि त्यांना कळायचंच नाही, चार पावलं पुढं गेल्यावर मागं बघायचे. मान खाली घातली की पाठीतनं पायापर्यंत करंट जातोय म्हणायचे, वेल्डिंगवाल्याला करंट म्हणजे काय ते सांगायला नको. मे महिन्यात लघवीची घाई. संडासला बसलं की उठताना भिंत धरायची.

जूनमधे मोठ्या शहरातल्या न्यूरोकडं, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरकडं, नेलं. एमआरआयच्या आधी टेक्निशियननं विचारलं, वेल्डिंग-ग्राइंडिंगचं काम करता काय, मग डोळ्यांचा एक्स-रे काढा, लोखंडाचा कण गेलेला असला तर मशिनचं चुंबक त्याला हलवतंय. एवढं बारकाईनं विचारलं बघा. आणि त्याच हॉस्पिटलच्या केसपेपरवर ज्युनिअरनं टाईप केलेलं वाक्य आहे, नो हिस्टरी ऑफ ट्रॉमा. मार लागल्याचा इतिहास नाही!

हे कसं झालं ते मी नंतर खोदून खोदून विचारलं. ज्युनिअर कन्नड बोलणारा, काकूंचं कन्नड बाजारापुरतं, पोराला शाळेतलं येतंय पण तो त्यावेळी बिल भरायच्या लाईनीत. ज्युनिअरनं विचारलं ते बहुतेक 'इतक्यात कुठं पडलाबिडलात काय' असं. काकू म्हणाल्या इतक्यात नाही, जानेवारीत 'बिद्रु' (पडले), पण ते बरं झालं. त्यातलं 'नाही' आणि 'बरं झालं' एवढंच कागदावर उतरलं. बॉर्डरवर राहिलं की रिपोर्ट इंग्लिश, डॉक्टर कन्नड, पेशंट मराठी, आणि मधे भाषांतर करायला जो कोण उभा असेल तो. भाषेवरनं आमच्याकडं मोर्चे निघतात, पण दवाखान्यात भाषेमुळं काय गळून पडतंय ह्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

एमआरआय मेंदूचा पूर्ण केला आणि मणक्याचं स्क्रीनिंग. स्क्रीनिंग म्हणजे बाजूनं काढलेले थोडे फोटो, आडवे काप नाहीत. स्वस्तात होतंय. रिपोर्ट असा आला, मेंदूत पाच-सहा बारीक पांढरे ठिपके, मानेत सी५-सी६ पाशी, म्हणजे पाचव्या-सहाव्या मणक्याजवळ, मज्जारज्जूत एक पांढरा डाग, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर तो चमकतोय, शेजारी डिस्क फुगलेली, आणि शेवटी डिमायलिनेशन (नसांवरचं आवरण जाणं, एमएसमधे होतंय तसलं) की काय ते बघा. पाठीतलं पाणी काढलं जुलैमधे. त्यात ऑलिगोक्लोनल बँड (एमएसमधे बऱ्याचदा सापडणाऱ्या प्रोटीनच्या पट्ट्या) निगेटिव्ह, प्रोटीन थोडं वाढलेलं. ॲक्वापोरिन-४ ची अँटीबॉडी, एमएससारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या आजाराची खूण, ती पण निगेटिव्ह. बँड नसले म्हणून एमएस नाही असं होत नाही, ते खरंच आहे, आणि आपल्याकडच्या एमएस पेशंटमधे बँड सापडायचं प्रमाण युरोपातल्यापेक्षा कमीच असतंय. मग सलाईनमधनं स्टेरॉइड, रोज एक ग्रॅम, पाच दिवस. तात्यांना बरं वाटलं! तीन आठवडे हात मोकळे, चाल सुधारली. झालं, स्टेरॉइडनं बरं वाटलं म्हणजे एमएसच, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. ऑगस्टपासनं एमएसच्या, डायमिथिल फ्युमरेटच्या गोळ्या चालू, दिवसातनं दोनदा, गोळी घेतली की अंग लालबुंद आणि पोटात आग, आणि खर्च असा की दुकानाचं भाडं काहीच नाही त्यापुढं.

आता घरात दोन प्रश्न सुरू झाले. एक भावकीचा, हा रोग पोरांना लागतोय काय, कारण पोरीचं लग्न बघायला सुरुवात झालेली. दुसरा काकूंचा, आणि तो त्या प्रत्येक डॉक्टरला विचारायच्या, 'हे पडल्यामुळं झालंय न्हवं?' आणि प्रत्येक डॉक्टर उत्तर द्यायचा, नाही काकू, पडल्यामुळं एमएस होत नाही.

तर डॉक्टरचं उत्तर बरोबर होतं. हे आधी मान्य करून टाकूया. मार लागणं आणि एमएस ह्याचा संबंध लोकांनी फार वर्षं धरलेला आहे, म्हणून तो नीट तपासला पण गेलाय, आणि १९९९ मधे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीनं सगळा अभ्यास चाळून सांगितलं की शारीरिक इजेनं एमएस सुरू होतोय किंवा वाढतोय असा संबंध दिसत नाही. २०१७ मधे स्वीडनमधनं एक वेगळी गोष्ट पुढं आली, कोवळ्या वयात, म्हणजे अकरा ते वीसच्या आसपास, डोक्याला पुन्हापुन्हा कन्कशन झालेल्यांत पुढं एमएसचं प्रमाण जास्त होतं. पण ते शाळा-कॉलेजच्या वयाचं आणि डोक्याच्या माराचं, शेहेचाळीस वर्षांच्या माणसाच्या मानेचं नाही. बऱ्याचदा उलटं होतंय, माणूस पडतो म्हणून एमआरआय निघतो आणि आधीपासनं असलेले डाग तेव्हा दिसतात. किंवा आजारानंच पाय अडखळून माणूस पडलेला असतोय. आणि आठवून बघितलं तर कोण कधी पडलं नाही?

म्हणून काकूंच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच येणार. घोळ असा की तो प्रश्न अर्धवट होता. पडल्यामुळं एमएस झाला काय, असं विचारलं तर 'एमएस' हे आधीच धरून चाललो आपण. विचारायला पाहिजे होतं, पडल्यापासनं जे व्हायलंय ते एमएस आहे काय? हा प्रश्न कुणी विचारला नाही, मी पण नाही.

मी काय केलं ते सांगते. एमएसचा पेशंट म्हणून थकवा सांभाळून व्यायाम, उन्हातनं फिरू नका, गार पाण्यानं अंग पुसा, बॅलन्सचे व्यायाम, आणि मान आखडलेली म्हणून मानेचे स्ट्रेच. ट्रॅक्शन (मान ताणून धरायचं) लावणार होते, मशीन दुसऱ्या पेशंटला लागलेलं म्हणून राहिलं. आज विचार केला तरी पोटात गोळा येतोय. ह्याच काळात तात्या नेहमीच्या न्हाव्याकडं दाढीला जायचे आणि तो सवयीनं मान कडाकड मोडून द्यायचा, ते पण मला नंतर कळलं.

डिसेंबरमधे एक दिवस काकू एकट्याच आल्या, तात्यांना आणायला गाडी मिळाली नव्हती म्हणून व्यायाम विचारायला. पिशवीतनं त्यांनी २०२३ चं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. दुधाचा हिशोब लिहितात ना तारखेच्या चौकोनात, एक लिटर, दीड लिटर, रतीब बंद, त्यातच मधे मधे बारीक अक्षरात, 'डावी बोटं बधिर', 'करंट', 'बटन लागंना', 'चप्पल सुटली दोनदा', 'रात्री तीनदा उठले'. आणि १९ जानेवारीला लाल पेननं गोल. 'मॅडम, मला इंग्लिश कळत न्हाई, पण हे बघा की, त्याच्या आधीच्या चौकोनांत नुस्तं दूध हाय.'

मी ते कॅलेंडर टेबलावर पसरून पहिल्यांदा सलग वाचलं. एमएस बहुतेकांत, निदान सुरुवातीला तरी, झटक्यानं येतोय, काही दिवस-आठवडे राहतोय आणि कमी होतोय, मग पुढचा झटका दुसऱ्याच जागी, कधी डोळा, कधी तोल, कधी पाय. इथं तसलं काहीच नाही. फेब्रुवारी ते डिसेंबर एकच उतार, स्टेरॉइडच्या तीन आठवड्यांचा सपाट तुकडा सोडला तर. आणि सगळी लक्षणं मानेच्या खाली. एकदा डोळ्याला अंधारी नाही, दोन दोन दिसणं नाही, बोलणं जड नाही, तोंड वाकडं नाही. हळूहळू वाढणारा पण एमएस असतोय, त्यात पाय असेच कडक होतात, त्यामुळं एवढ्यावरनं काही सिद्ध होत नाही. पण मला झोप लागली नाही त्या रात्री.

दुसऱ्या दिवशी तात्यांना बोलावून मी नव्या पेशंटसारखं तपासलं, फाईल कपाटात ठेवून. दहा सेकंदात मूठ उघड-मीट किती होते ते मोजलं, धडधाकट माणूस वीसच्या वर करतो, तात्यांची उजवी अकरा आणि डावी नऊ. बोटं जुळवून सरळ धरायला सांगितली की करंगळी आपोआप बाजूला सरकायची. मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला हातोडी मारली की कोपर हलायला पाहिजे, ह्यांचं कोपर गप्प आणि बोटं मिटायची, ही खूण सी५-सी६ च्या उंचीवर बोट ठेवते. गुडघ्याचे रिफ्लेक्स उसळणारे, पण हनुवटीवर मारला की जबड्याचा रिफ्लेक्स एकदम नॉर्मल. म्हणजे बिघाड चेहऱ्याच्या खाली आणि हाताच्या पातळीवर. दुकानात पोरगा वेल्डिंग करताना धगीत बसलं की त्रास वाढतोय काय विचारलं, म्हणाले 'उलट बरं वाटतंय, गारठ्यात आखडतोय मी.' एमएसच्या बऱ्याच लोकांना उष्णतेनं त्रास वाढतोय, आणि मी दोन महिने त्यांना गार पाण्यानं पुसायला लावत होते!

तो मान वाकवल्यावरचा करंट, त्याला लेर्मिटची खूण म्हणतात, आणि पुस्तकात ती एमएसच्या प्रकरणात असते म्हणून आम्ही पोरंपोरी परीक्षेत 'करंट म्हणजे एमएस' पाठ करतो. गंमत अशी की ती पहिल्यांदा नोंदवली १९१७ मधे मारी आणि शातलँ ह्या फ्रेंच डॉक्टरांनी, ती पहिल्या महायुद्धातल्या मार लागलेल्या माणसांत. लेर्मिटनं ती एमएसला जोडली १९२४ मधे. मानेतल्या मज्जारज्जूला कशानंही त्रास झाला, दाब असो, सूज असो, बी१२ कमी असो, करंट येतोयच.

बी१२ वरनं आठवलं, माझी पहिली शंका तीच होती, आणि ती अर्धीच खरी निघाली. माळकरी माणूस, दुधाशिवाय काही नाही. बी१२ कमी झालं की मज्जारज्जूच्या मागच्या भागात बिघाड होतोय आणि एमआरआयवर तिथं पण पांढरं दिसतंय. कुणी बी१२ बघितलंच नव्हतं. केलं तर १६८, दोनशेच्या आत. मी मनात म्हटलं सापडलं! इंजेक्शन चालू झाली, तळपायाची जळजळ थोडी कमी पण झाली, पण मूठ अकरावर होती ती अकरावरच. एक कारण सापडलं की शोध थांबवायचा मोह कसला असतोय ते त्या दोन आठवड्यांत कळलं.

आता फिजिओनं न्यूरोचं निदान चूक म्हणायचं म्हणजे काय खायचं काम नाही, आणि म्हणू पण नये. काकूंचा हट्ट होता उद्यापासनं गोळी बंद. मी म्हटलं अजिबात नाही, एमएसची काही औषधं अचानक सोडली तर उलटतात, तुमची त्यातली नसली तरी सोडायचं ते डॉक्टरनंच सांगितल्यावर. मी एक पानाचं पत्र लिहिलं. 'हे एमएस नाही' असं एकदा पण लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच, १९ जानेवारीला मान मागं फेकली गेल्याचा अपघात, त्याची पोलीस केस आणि दवाखान्याचे कागद सोबत, लक्षणांच्या तारखा, तपासणीत सापडलेले आकडे, आणि एक विनंती, मानेचा पूर्ण एमआरआय आडव्या कापांसकट बघता येईल काय. कॅलेंडरची झेरॉक्स जोडली.

मला वाटलं होतं ओरडून घ्यावं लागणार. न्यूरोंनी स्वतः फोन केला. पहिलं वाक्य, 'ट्रॉमाची हिस्टरी माझ्यापर्यंत आलीच नाही.' दुसरं वाक्य, 'एमएस नाही असं मी आज म्हणत नाही, पण आधी मान बघूया.' त्यांनी एमआरआयबरोबर सीटी पण सांगितला, आणि उत्तर सीटीत होतं.

मणक्यांच्या मागच्या अंगाला, मज्जारज्जूच्या बरोबर पुढं, वरनं खालपर्यंत एक लिगामेंटची पट्टी असते. काही लोकांत ती वर्षानुवर्षं हळूहळू हाडासारखी कडक आणि जाड होत जाते, ओपीएलएल म्हणतात त्याला. जपानमधे त्यावर सगळ्यात जास्त काम झालंय, आणि आशियाई लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त दिसतंय. एमआरआयवर ती काळी पट्टी डिस्कबरोबर मिसळून जाते, सीटीवर पांढरीशुभ्र दिसते. मानेतली ही नळी १३ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की अरुंद धरतात, तात्यांची सर्वात चिंचोळ्या जागी ७ होती. म्हणजे कितीतरी वर्षं ते घोड्यासारखं काम करत होते आणि आत नळी भरत चालली होती, त्यात ट्रॉलीनं मान मागं फेकली, तेव्हा मज्जारज्जू पुढनं हाड आणि मागनं हाड असा चेंगरला. हाड मोडलं नाही, काहीच सरकलं नाही, म्हणून साध्या एक्स-रेत 'मोडलंय' असं दिसलं पण नसतं.

आणि तो चमकणारा डाग? मज्जारज्जू दबलेला असला की कधी कधी दाबाच्या जागेच्या जरा खाली आडवी, पातळ, थालीपिठासारखी पट्टी कॉन्ट्रास्ट घेते. (इंग्लिशमधे पॅनकेक म्हणतात, आपल्याला थालीपीठ जवळचं.) चमकतोय म्हणजे सूज, सूज म्हणजे एमएस, अशी साखळी लागते, आणि ह्या पट्टीमुळं फसगत झालेल्या केसेस डॉक्टर लोकांनी भरपूर नोंदवल्यात. स्टेरॉइडनं बरं वाटलं ते पण त्यामुळंच असणार, दबलेल्या जागेची सूज उतरली, दाब तसाच.

मेंदूतले ठिपके राहिले. एमएस ठरवायला मॅकडोनाल्डचे निकष वापरतात, २००१ मधे आले, तात्यांच्या वेळी २०१७ मधे सुधारलेले चालायचे, आणि त्यात बघायच्या जागा चार होत्या, मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्यांना चिकटून, मेंदूच्या सालीलगत, मागं खाली लहान मेंदू आणि ब्रेनस्टेमकडं, आणि मज्जारज्जू. ह्यातल्या दोन जागी तरी डाग पाहिजे होते. तात्यांचे ठिपके बारीक, टाचणीच्या डोक्यासारखे, आणि मधल्याच पांढऱ्या भागात, कप्प्यांना चिकटलेला एक पण नाही. अर्धशिशी आणि बीपीवाल्यांत असले ठिपके सर्रास दिसतात (बीपी बघितलं तर १६४/१००). मग उरली एक जागा, मान, आणि तिथला डाग दाबाचा. हे निकष मुळात एमएसचा ठराविक झटका आलेल्या माणसासाठी आहेत, कुणाच्याही एमआरआयवरचे ठिपके मोजायला नाहीत, हे वाक्य ते निकष करणारेच घसा कोरडा होईस्तोवर सांगत असतात. आणि हे आपल्याच भागात होतंय असं पण नाही, लॉस एंजेलिसच्या दोन केंद्रांत एमएसचं लेबल घेऊन आलेले २४१ नवे पेशंट पुन्हा तपासले, त्यातल्या ४३ जणांना एमएस नव्हताच, २०१९ मधला अभ्यास आहे. त्यांच्यात सगळ्यात जास्त निघाली ती अर्धशिशी, मणक्याचे त्रासवाले पण होते.

ऑपरेशन मिरजेला झालं, फेब्रुवारी २०२४ मधे. कुठलं कार्ड कुठल्या राज्यात चालतंय ह्यातच दोन आठवडे गेले, आमच्या भागातल्या माणसाला हे नवीन नाही, शेवटी सोसायटीचं कर्ज आणि पाहुण्यांकडनं उसने. मागनं मान उघडून सी३ ते सी६ ची कमान काढून जागा केली आणि स्क्रू-रॉड घातले. स्वतः रॉडचं काम करणाऱ्या माणसानं सर्जनला कुठल्या ग्रेडचं मटेरियल वापरणार विचारलं, टायटॅनियम म्हटल्यावर गप्प झाले. फ्युमरेटची गोळी न्यूरोंनी बंद केली, त्यांच्याच सहीनं.

चमत्कार झाला नाही. दाब किती दिवस राहिला ह्यावर सुधारणा बरीच अवलंबून असते आणि तात्यांचा दाब तेरा महिने राहिला. करंट बंद झाला, लघवीची घाई गेली, सहा महिन्यांत मूठ उजवी सतरा, डावी चौदा. पाय अजून कडक आहेत, उतारावर काठी लागते. जून २०२३ मधेच मानेचे आडवे काप निघाले असते तर कदाचित आज ते स्वतः वेल्डिंग करत असते. आता खडूनं पत्र्यावर मापं मारून देतात आणि पोरगा वेल्डिंग करतो.

एक भाग मला सगळ्यात अवघड गेला लिहायला. अपघाताचा क्लेम. त्यावेळी सहा महिन्यांच्या आत टाकावा लागायचा, वकिलानं जुलै २०२३ मधेच टाकला होता, आणि विमा कंपनीच्या वकिलानं हीच फाईल उचलून सांगितलं, एमएस आहे, अपघाताशी संबंध नाही, शिवाय मार लागल्याचा इतिहास नाही असं हॉस्पिटलच म्हणतंय. म्हणजे निदान एमएस राहणं कुणाच्या फायद्याचं, बदलणं कुणाच्या फायद्याचं, हे सगळं मधे आलं. पत्र लिहिताना माझ्यावर पण हा आरोप आला, 'मॅडमनी क्लेमसाठी लिहून दिलं.' आणि मी स्वतःला पण विचारलं, काकूंना एमएस नको होता, पोरीचं लग्न होतं, पैशाचा प्रश्न होता, त्यांना जे पाहिजे तेच मी शोधायलेय काय? म्हणून मी पत्रात मत घातलं नाही, आकडे घातले, आणि सीटी बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टला क्लेमबद्दल काही माहीत नव्हतं हे आज मला बरं वाटतंय. आता विमावाल्यांचा नवा मुद्दा, नळी आधीपासनंच अरुंद होती. होतीच. पण १८ जानेवारीपर्यंत माणूस ग्रिल खांद्यावर घेऊन जिना चढत होता. केस अजून चालू आहे.

ऑगस्ट २०२४ मधे चेकअपचा एमआरआय केला, ह्यावेळी जवळच्या दुसऱ्याच सेंटरला, स्वस्त पडलं म्हणून. रात्री दहाला काकूंचा फोन, आवाज थरथरत होता. रिपोर्टमधे मानेतली ती पट्टी अजून चमकतेय आणि खाली परत तेच, डिमायलिनेशन की काय ते बघा. मी सांगितलं, काकू, ऑपरेशननंतर ती चमक कित्येक महिने राहू शकते, हळूहळू कमी होते, जुनी फिल्म घेऊन सर्जनकडं जा, आणि मेंदूत नवीन ठिपका आहे काय तेवढं वाचा. पोरानं वाचलं, नवीन काही नाही. मग मी विचारलं, सेंटरला जुने कागद दाखवलेत काय? गप्प. 'त्यांनी मागितलेच न्हाईत ओ.'

पुढच्या सोमवारी आल्या तेव्हा फाईलवरचं एमएसचं स्टिकर नखानं खरवडून काढलेलं होतं, अर्धं निघालं होतं, अर्धं तसंच. त्याच्यावर पांढरा कागद चिकटवून पोराकडनं तीन भाषांत लिहून घेतलंय, मराठी, कन्नड, इंग्लिश, १९ जानेवारी २०२३ ला मानेला मार, मानेचं ऑपरेशन झालंय, जुनी फिल्म आत आहे, आधी ती बघा.